प्रमाण श्वास

सोमवार, ४ सप्टेंबर

प्रयोगशाळेच्या नोंदवहीत आकडे लिहायचे असतात, मनातल्या शंका नव्हे. गेल्या शुक्रवारी मी तिथे "मला बरं वाटत नाही" असं लिहिलं, तर आमच्या प्रमुख, प्राध्यापक हेदविका स्लामोवाबाई, यांनी खाली लाल शाईत विचारलं, "डॉ. वाव्रा, ही नोंद कोणत्या एककात आहे?" म्हणून ही वेगळी वही. इथे मी वाटेल ते लिहिणार आहे.

तर शंका अशी, की मी कमी होतोय. सात वर्षं मी ०.८० च्या आसपास होतो. आज ०.७७ आलो.

हे आकडे कसले, ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे माझं काही बरंवाईट झालं तर वाचणाऱ्याला कळेल. आमचं यंत्र म्हणजे एक मीटर लांबीचा पोलादी नळ. त्यातून हेलियम वाहतो. नळाच्या तोंडाशी आम्ही आयन सोडतो, म्हणजे जादाचा एक प्रोटॉन अंगावर घेतलेले पाण्याचे रेणू. वाटेत बाजूने दुसरा एखादा वायू आत येतो. त्याचे रेणू बापडे तटस्थ, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेले. आयन भेटला की तो आपला प्रोटॉन त्यांच्या गळ्यात मारतो आणि मोकळा होतो. कोण किती वेगाने कुणाच्या गळ्यात पडतं, ते आम्ही नळाच्या शेवटी मोजतो. सोळा वर्षं हेच मोजतोय. इतकी सलग मालिका जगात कुणाकडे नाही, असं बाई म्हणतात.

यंत्र रोज थोडं सरकतं. ते जाग्यावर आणायला रोज सकाळी सव्वाआठला ब्रोझकाका नळात फुंकतात. ब्रोझकाका संस्थेचे काचकारागीर, वय एकसष्ट. आमच्या नळ्या, तोट्या सगळ्या त्यांनी फुंकलेल्या. सोळा वर्षांपूर्वी असं लक्षात आलं की त्यांच्या श्वासातलं ॲसिटोन हलतच नाही. विकतचा प्रमाण वायू दोन महिन्यांत हलतो, हे हलत नाहीत. मग बाईंनी सात नियम लिहिले आणि काकांनी सही केली. सकाळी सातला दोन रोहलीक, म्हणजे लांबुळके पाव, आणि सलामी सॉसेजचे तीन काप. फुंकण्याआधी जिने चढायचे नाहीत, सामानाच्या लिफ्टने यायचं. बिअर दोनच, तीही नऊच्या आत. लसूण वर्ज्य. असं सगळं.

काकांचा श्वास म्हणजे एक. यंत्र एक दाखवत नसेल तर यंत्राचं चुकतंय, बटण फिरवून ते एकवर आणायचं. आपसात आम्ही याला "एक ब्रोझ" म्हणतो, शोधनिबंधात "अंतर्गत प्रमाण". काकांच्या मागून मी फुंकतो, ते फक्त नळी मोकळी आहे ना हे बघायला. काका एक, मी ०.८०. आज काका एक आणि मी ०.७७.

बुधवार, ६ सप्टेंबर

०.७६. डॉक्टरकडे गेलो.

"काय होतंय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मी कमी होतोय."

"वजन?"

"नाही, वजन दीड किलो वाढलंय."

"भूक?"

"उत्तम आहे."

"मग कमी काय होतंय?"

"मीच."

त्यांनी बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि रात्री लिंडनच्या फुलांचा चहा घ्यायला सांगितला. घरी कोण कोण असतं, असंही विचारलं. मी म्हणालो, कुणी नाही, त्यामुळे संसर्गाचा प्रश्न येत नाही.

सोमवार, ११ सप्टेंबर

जिवात जीव आला. मी एकटाच कमी होत नाहीये. खोलीतली हवा कमी झाली आहे, खिडकीतलं रबराचं झाड कमी झालं आहे. विकत आणलेल्या बाटलीतलं ॲसिटोनसुद्धा नऊ टक्क्यांनी कमी भरलं, आणि बाटलीवर तर कारखान्याचा शिक्का आहे. बाईंना जाऊन सांगितलं, "बाई, निसर्ग कमी होतोय."

त्यांनी चष्मा काढला. "किती टक्के?"

"नऊ."

"फक्त प्रागमध्ये?"

"बाहेरचं अजून कळलेलं नाही. परदेशात तीन ठिकाणी विचारलं आहे."

"आणि ब्रोझ?"

"काका एकदम एक. त्यांच्यामुळेच तर हे कळलं."

बाईंनी चष्मा पुसला. आधीच स्वच्छ होता. "बरं. नोंद ठेवा," म्हणाल्या. एवढ्या मोठ्या बातमीवर एवढंच. थोर माणसं अशीच असतात.

गुरुवार, १४ सप्टेंबर

नवीन संकट. आज काकांनी फुंकलं आणि आलेखावर ८९ वजनाच्या जागी एक टोक उगवलं. ८९ म्हणजे लसूण, हे नवशिक्यालाही कळतं. लसूण खाल्ला की दीड दिवस श्वासातून जात नाही.

"काका, लसूण?"

"छे हो डॉक्टर! नियम चार," काका म्हणाले आणि छताकडे बघायला लागले. छतावर काही नव्हतं, मीही बघितलं.

शंका नको म्हणून मी बाईंना फुंकायची विनंती केली. त्या आधी नको नको म्हणाल्या. फुंकलं तर त्यांच्याही श्वासात ८९, आणि उंचीही तेवढीच! म्हणजे लसणाचा प्रश्नच मिटला. काका राहतात झिझकोवला, बाई नदीपलीकडे. दोन टोकांना राहणारी दोन माणसं एकाच रात्री सारखाच लसूण कशी खातील? चूक नळाचीच. दुपारभर बसून आतली सगळी रबरी नळी बदलली.

सोमवार, १८ सप्टेंबर

पुन्हा ८९, काकांच्या आणि बाईंच्या दोघांच्याही श्वासात. माझ्यात शून्य. शुक्रवारी संध्याकाळी नळ स्वच्छ होता. म्हणजे हे सोमवारी आणि गुरुवारी होतं. आयन आणि तटस्थ रेणू यांच्यात काहीतरी अशी अभिक्रिया चालली आहे जी अजून कुणी पाहिलेली नाही, आणि ती ठरावीक वारी होते.

खालच्या मजल्यावरची योहाना हेलियम उसना मागायला आली. आठ दिवसांत तिसऱ्यांदा. ती वायू वेगळे करण्याच्या विभागात असते, इतका हेलियम कशाला लागतो कोण जाणे. मी तिला आठवड्याच्या वारांची गोष्ट सांगितली.

"रादिम," ती म्हणाली, "रविवारी आणि बुधवारी कुणीतरी लसणाचं सूप करतंय."

"दोन वेगवेगळ्या घरी?"

ती माझ्याकडे बघून हसली आणि हेलियम न घेताच गेली. विसराळू आहे.

गुरुवार, २८ सप्टेंबर

सुट्टी. संत वाक्लावचा दिवस. मोजमाप नाही म्हणून चैन पडेना, उगाच ट्रामने फिरत होतो. ब्रोझकाका भेटले. हातात शिंप्याची लांब पिशवी. बारीक झालेत, गालफडं दिसायला लागली आहेत. मी रोहलीक खाताय ना विचारलं, तर "खातो की, दोन दोन" म्हणाले, पण माझ्याकडे न बघता. बाईंच्या घराजवळच्या थांब्यावर उतरले. दंतवैद्याकडे जातोय म्हणाले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा तिथले दंतवैद्य काम करतात, याचं मला फार कौतुक वाटलं.

मंगळवार, ३ ऑक्टोबर

मी ०.७१. परदेशी उत्तरं आली. तिन्ही ठिकाणी निसर्ग ठणठणीत आहे. एकाने "तुमचं प्रमाण तपासा" असा आगाऊ सल्लाही दिला आहे. मी उत्तर पाठवलं की आमचं प्रमाण गेली सोळा वर्षं रोज सामानाच्या लिफ्टने वर येतं.

त्याहून वाईट म्हणजे ९ नोव्हेंबरला पाहणी समिती येणार आहे. आमचा विभाग ठेवायचा की बंद करून आम्हाला तिसऱ्या मजल्यावर उत्प्रेरकवाल्यांत ढकलायचं, ते ठरणार. आमच्याकडे दाखवण्यासारखी एकच गोष्ट आहे, सोळा वर्षांची मालिका. ती गेली तर बाईंची उभी हयात पाण्यात, आणि मी रस्त्यावर.

हे सांगायला बाई खाली काचेच्या कारखान्यात गेल्या होत्या. मी नळी आणायला गेलो तर त्यांचे डोळे लालभडक. ज्योतीकडे काळ्या चष्म्याशिवाय बघू नये, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं.

सोमवार, १६ ऑक्टोबर

काचेच्या कारखान्याच्या दाराशी थांबलो होतो. ऐकायचं नव्हतं, पण दार बंद असलं तरी काका मोठ्याने बोलतात.

"सोळा वर्षं सातच्या आत उठतोय, हेदविका. सोळा वर्षं दोन रोहलीक. मी समुद्र बघितलेला नाही! तीन आठवडे रजा मागितली की तू म्हणतेस, आणि मालिका?"

"नऊ तारखेपर्यंत थांब ना."

"मग पुढचा निबंध येईल. मला लग्नाच्या कोटाचं बटण लागतंय आता, किती दिवस उपाशी राहू?"

काकांनी बाईंना चक्क नावाने हाक मारली. वयाचा परिणाम असावा. लग्न कुणाचं, ते कळलं नाही. बहुधा भाचीचं.

बुधवार, १ नोव्हेंबर

मी ०.६८. माझा आलेख जिन्यासारखा खाली उतरतोय. असंच चाललं तर दीड वर्षात मी शून्य होईन. मग काय दिसेन, कुणाला दिसेन का, असले विचार येतात. आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "गरम मोजे घाल."

सोमवार, ६ नोव्हेंबर

आज सगळं कोसळलं. क्रमाने लिहितो.

सव्वाआठला काका आले. जिना चढून आले! धापा टाकत, हसत. मागोमाग बाई. काका नळापाशी गेलेच नाहीत, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"डॉक्टर, तुम्हाला फसवत राहायला बरं वाटत नाही. मी आणि हेदविका लग्न करतोय. शनिवारी."

"अभिनंदन," मी म्हणालो. "कुणाशी?"

मग काकांनी बाईंचा हात हातात घेतला. मला समजायला वेळ लागला हे कबूल करतो. इथे खोटं लिहून उपयोग नाही.

"आणि लसूण...?"

"बुधवारी आणि रविवारी. हिच्या हातचं सूप," काका म्हणाले. "स्वर्ग आहे हो."

"किती पाकळ्या?" मी विचारलं. नोंदीला लागलं असतं.

"वाव्रा!" बाई ओरडल्या. मग खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. "तुम्हाला कळत कसं नाही? तो उपाशी राहतोय. कोट बसावा म्हणून ऑगस्टपासून सकाळचे रोहलीक कबुतरांना घालतोय. उपाशी माणसाचं ॲसिटोन वाढतं, हे शाळेतलं पोर सांगेल. तो वाढतोय, आणि तुम्ही रोज बटण फिरवून त्याला एकवर आणताय. म्हणून जग कमी होतंय!"

"तुम्हाला माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून. सांगितलं असतं तर मालिका गेली असती. नाही सांगितलं तर हा गेला असता." नाक पुसून त्या पुढे म्हणाल्या, "मी मालिका सोडायचं ठरवलं. गुरुवारी समितीला खरं सांगेन. विभाग बंद झाला तर होऊ दे."

मी पहिल्यांदा काय म्हणालो असेन? "म्हणजे मी कमी होत नाहीये?" असं म्हणालो. आता लाज वाटते, पण त्या क्षणी इतका आनंद झाला की विभाग बुडतोय हे लक्षातच आलं नाही. काकांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. "तुम्ही आहात तेवढेच आहात हो, डॉक्टर."

मंगळवार, ७ नोव्हेंबर

"आहात तेवढेच आहात." सकाळी ट्राममध्ये हे वाक्य डोक्यात घुमत होतं. प्रयोगशाळेत पोचताच जुने कागद काढले. काकांच्या मागून नळी तपासायला म्हणून मी सात वर्षं रोज फुंकतोय आणि ते आकडे कुणी कधी नीट जुळवून बघितलेले नाहीत. काकांच्या ऐवजी मला स्थिर धरलं आणि सगळं उलट मोजलं. खोलीतली हवा वर आली, झाड वर आलं, शिक्क्याची बाटली बरोब्बर जागेवर. ऑगस्टपासूनचे सगळे आकडे दुरुस्त झाले. मालिका वाचली!

आणखी एक निघालं. सात वर्षांत काका नाताळात हलतात, ईस्टरला हलतात, हॉकीत आपण जिंकलो तेव्हा दोन दिवस हलले होते. मी कुठेच हललेलो नाही. नाताळात नाही, वाढदिवसाला नाही, उन्हाळ्यात नाही. सरळ रेषा. बाईंना दाखवलं.

"वाव्रा, तुम्ही रोज काय खाता?"

"तेच."

"रजेत कुठे जाता?"

"इथेच येतो. चावी आहे ना माझ्याकडे."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटतं, त्या प्रभावित झाल्या.

गुरुवार, ९ नोव्हेंबर

समितीचे अध्यक्ष हाउताला नावाचे फिनिश गृहस्थ, कमी बोलणारे. बाईंनी सगळं सांगितलं, सूपसुद्धा. ते म्हणाले, "प्रमाण बदललं, तरी मालिका कशी टिकली?" बाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी सात वर्षांची रेषा पाहिली, मग मला पाहिलं, मग पुन्हा रेषा पाहिली. "असाधारण," म्हणाले. आयुष्यात मला कुणी असाधारण म्हटलेलं नव्हतं. विभाग राहिला. पाच वर्षांसाठी!

बुधवार, १५ नोव्हेंबर

आज सही केली. यापुढे मी प्रमाण. मी म्हणजे एक. ०.८० वरून एकदम एक! आपसात लोक "एक वाव्रा" म्हणायला लागले आहेत. शनिवारी लग्न लावून ब्रोझकाका कालच समुद्र बघायला गेले, एकटेच. बाई वर्ष संपेपर्यंत निघू शकत नाहीत. माझ्या मागून नळी तपासायला आता त्याच फुंकतात. सही करताना बाई दोनदा म्हणाल्या, "नीट विचार करा." विचार कसला करायचा? मला कुठे काय सोडायचं आहे?

बुधवार, २२ नोव्हेंबर

योहाना आली. हेलियमची बाटली आणलीच नव्हती.

"शनिवारी माझ्याकडे ये. ब्रांबोराक करणार आहे."

बटाट्याची ती धिरडी, कुरकुरीत, मार्जोरमचा सुगंधी पाला घातलेली. लहानपणी आजी करायची. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. "त्यात लसूण असतो," मी म्हणालो.

"तुझ्यासाठी बिनलसणाची करते."

"तू कितव्या मजल्यावर राहतेस?"

"पाचव्या. लिफ्ट नाहीये. का?"

मी तिला नियम दाखवले. तिने सातही वाचले, खालची माझी सहीसुद्धा.

"शनिवारी कुठे मोजमाप असतं?"

"सोमवारी असतं. धोका नको."

"रादिम, मला हेलियम नको असायचा रे," ती म्हणाली. "कधीच नको असायचा." आणि कागद नीट घडी घालून टेबलावर ठेवला. "बरं. राहू दे मग."

ती गेल्यावर मी हेलियमची उसनवारीची वही काढून पाहिली. अकरा वेळा आली होती आणि एकदाही हेलियम नेलेला नाही.

सोमवार, २७ नोव्हेंबर

शनिवारी घरीच होतो. चार वाजता तिच्या गल्लीपर्यंत गेलो आणि परत आलो. पाचव्या मजल्यावर दिवा होता. तिथे जावंसं वाटत होतं, फार वाटत होतं, ते इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. रविवारी काही गोड लागेना, खाल्लं नाही. आज सकाळीही दोन रोहलीक समोर ठेवून बसलो आणि तसेच पिशवीत टाकले.

सव्वाआठला फुंकलं. यंत्राने १.२५ दाखवलं. प्रमाणाचं चुकत नसतं. बटण फिरवून एकवर आणलं आणि नोंदवहीत एक लिहिलं.

माझ्या मागून बाईंनी फुंकलं. गेल्या आठवड्यात त्या ०.९५ होत्या, आज ०.७६ भरल्या.

"तब्येतीला जपा, बाई," मी म्हणालो. "तुम्ही कमी होताय."

त्या आकड्याकडे बघत राहिल्या. मग बटणाकडे. मग बराच वेळ माझ्याकडे.

"वाव्रा," त्या हळूच म्हणाल्या, "जेवलात का?"

"नियमाप्रमाणे," मी म्हणालो.